सर्पगंधेला कसोटीवर उतरवणारे डॉ. रुस्तम वकील

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू पावले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत होता. पण मिठाचे पथ्य, विश्रांती आणि गुंगी आणणारी औषधे यांपलीकडे त्यांच्या डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाची ही स्थिती, तेथे सामान्य रुग्णाची काय कथा! त्याच सुमारास मुंबईतील एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ या व्याधीवरचा उपाय भारतातल्याच एका जुन्या औषधी मुळीत शोधत होता. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

मुंबईतील पारशी कुटुंबात १९११ मध्ये जन्मलेल्या वकील यांनी वैद्यकाचे उच्च शिक्षण लंडनमध्ये घेतले. मायदेशी परतल्यावर परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा आणि संशोधन यांची सांगड घातली.

सर्पगंधा ही काही त्यांनी शोधून काढलेली वनस्पती नव्हे. तिची मुळी सर्पदंशावर, तापावर, निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. बिहारमध्ये तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच ती उन्मादाबरोबर रक्तदाबावरही उपयोगी पडत असल्याचे नोंदवले होते. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कोलकात्यात तिचे प्राण्यांवर प्रयोग केले. मुळीच्या भुकटीच्या गोळ्याही बाजारात मिळू लागल्या होत्या. उणीव होती ती काटेकोर नोंदींची. रक्तदाब मुळातच चंचल. रुग्ण निवांत पडून राहिला तरी तो उतरतो. तेव्हा उतार औषधाचा की विश्रांतीचा, हे ठरवणे सोपे नव्हते.

वकील यांनी नेमके हेच काम हाती घेतले. रुग्णांच्या रक्तदाबाची त्यांनी पद्धतशीर नोंद ठेवली आणि अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर ५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्णांचा वरचा आणि खालचा असे दोन्ही रक्तदाब उतरले होते. या लेखाने सर्पगंधेची वार्ता भारताबाहेर पोहोचली. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिले आणि त्यांनाही गुण आढळला. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि वेडावरचे हे जुने औषध आधुनिक मनोविकारचिकित्सेतही दाखल झाले.

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक मिळाले. क्लाइन यांचाही त्या वर्षीच्या मानकऱ्यांत समावेश होता. भारत सरकारने १९५८ मध्ये 'पद्मभूषण' देऊन वकील यांचा गौरव केला. डॉ. गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेल्या रोगनिदानावरील पाठ्यपुस्तकाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या औषधाला दुसरी बाजूही होती. त्याने काही रुग्णांचे नाक चोंदे, तर काहींच्या मनावर औदासीन्याचे मळभ दाटे. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. तथापि, गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो हा विश्वास वैद्यकविश्वात रुजवण्यात सर्पगंधेचा वाटा मोठा आहे. जुन्या औषधाला केवळ जुने म्हणून न स्वीकारता वा न झिडकारता वकील यांनी ते रुग्णाच्या उशाशी बसून, रक्तदाबमापकाच्या साक्षीने तपासले. पारंपरिक औषधांविषयी आजही हिरिरीने वाद घातले जातात. त्या वादांना डॉ. वकील यांनी पाऊणशे वर्षांपूर्वीच एक वाट दाखवून ठेवली आहे.