डॉक्टर भाऊ दाजी लाड व कडू कवठाचे तेल

निलगिरी, लवंग, गवती चहा यांची तेले आपल्या घरोघरी परिचित आहेत. त्यांचा थेंब कागदावर पडला तर थोड्या वेळाने उडून जातो. म्हणून त्यांस उडनशील तेले म्हणतात. कडू कवठाच्या बियांचे तेल निराळ्या जातीचे आहे. त्याचा डाग कागदावरून जात नाही. या तेलाचा कुष्ठरोगावर प्रयोग करणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहो.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. इ. स. 1822 मध्ये गोव्यातील मांद्रे गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबईस झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत ते होते. वैद्यकीत त्यांस लौकिक लाभला. तथापि गरिबांस ते विनामूल्य औषध देत. स्त्रीशिक्षणास त्यांनी हातभार लावला, प्राचीन शिलालेख वाचले, आणि 1869 व 1871 अशी दोनदा मुंबईची शेरीफगिरी भूषविली.

त्या काळी कुष्ठरोग्यास आप्तही जवळ करीत नसत. सुश्रुताने कुष्ठावर तुवरक नावाचे औषध सांगितले आहे. तो वृक्ष म्हणजेच सह्याद्रीच्या रानांत वाढणारा कडू कवठ, असे मानतात. भाऊंनी याच जातीच्या बियांचे तेल रोग्यांवर योजिले. परंतु उपाय पुरता कसोटीस उतरण्यापूर्वी तो प्रकट करणे त्यांस रुचले नाही, व त्याबद्दल त्यांजवर टीकाही झाली. 1873 साली नॉर्वेमध्ये हॅन्सन यांस कुष्ठरोगाचे जंतू आढळले. पुढच्याच वर्षी, 1874 मध्ये, भाऊ निवर्तले. त्यांचे कार्य अपुरे राहिले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञांनी या तेलातील विशिष्ट आम्ले वेगळी केली. तेल पोटात घेतले तर मळमळ होई, आणि घट्टपणामुळे सुईने टोचणेही कठीण जाई. हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुणीने 1915 च्या सुमारास त्या आम्लांचा अल्कोहोलशी संयोग घडवून पातळ, टोचता येण्याजोगे औषध तयार केले. 1916 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तीही वारली. 1940 नंतर सल्फोन वर्गाची अधिक गुणकारी औषधे निघाली व तेलाचा उपयोग मागे पडला. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो.

भाऊंच्या सावधपणास आम्ही दोष देत नाही; अपुऱ्या औषधाचा डांगोरा पिटणारे वैद्य थोडे का असतात? परंतु आयुष्याचा भरवसा नसतो. म्हणून विद्यार्थ्याने आपला प्रयोग, सिद्ध असो वा अर्धा, स्वच्छ लिहून ठेवावा. म्हणजे एकाच्या हातून राहिलेले दुसऱ्याच्या हातून पुरे होते.

मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयास 1975 पासून भाऊंचे नाव आहे. आमच्या इंदिरानगरातील बाळगोपाळ मुंबईस सहलीला जातील, तेव्हा त्यांनी तेथे क्षणभर थांबून या परोपकारी वैद्याचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.