शरणपूरचा याकोब

आम्ही राहतो ते भैरवगढ उज्जैनच्या कडेला, क्षिप्रेकाठी आहे. सिंहस्थामुळे नाशिकचे नाव येथे पुष्कळदा निघते. परंतु नाशिकच्या शरणपुरातून आफ्रिकेत सेवेस गेलेल्या तरुणांची आठवण आपल्या मंडळ्यांतही क्वचितच होते. त्यांपैकी याकोब वेनराइट याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

याकोब जन्माने याओ जमातीचा. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. अशी मुले इंग्रजी आरमार समुद्रावर गलबतांतून सोडवीत असे, व त्यांतील पुष्कळांना मुंबईस उतरवीत असे. शरणपूरला रे. विल्यम सॉल्टर प्राईस यांनी त्यांच्यासाठी आश्रम चालविला होता. तेथे लेखनवाचनाबरोबर सुतारकाम व लोहारकामही शिकवीत. घर गेले, आईबाप गेले, नावही दुसऱ्यांनी दिलेले. पण हाताला काम आले.

१८७२ साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस माणसे पाठविताना शरणपूरच्या काही तरुणांची निवड झाली. त्यांत याकोब होता. ज्या भूमीतून साखळदंडात बाहेर नेले, तिच्यातच तो स्वतंत्र माणूस म्हणून पुन्हा शिरला.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी डॉक्टरसाहेब वारले. बरोबरची माणसे पगारी होती. त्यांनी तेथेच दफन करून परतीची वाट धरली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण सुसी, चुमा (हा मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला) व इतर सर्वांनी देह किनाऱ्यापर्यंत न्यायचे ठरविले. हृदय एका झाडाखाली पुरले. दफनविधीची उपासना याकोबाने वाचली आणि झाडावर लेख कोरला. देह मीठ लावून उन्हात वाळविला. मग सुमारे नऊ महिने ते चालत राहिले. वाटेत आजार आले, कित्येक दगावले. प्रेत नेऊ देण्यास एका ठिकाणी लोक तयार होईनात, तेव्हा देहाला कापडाच्या गठ्ठ्याचे रूप द्यावे लागले. भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने देह येथेच पुरा असे सुचविले. त्यांनी ऐकले नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले.

मिशनने याकोबाचा प्रवासखर्च दिला, म्हणून १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीशी तो उभा होता. सुसी व चुमा यांना त्या दिवशी तेथे जागा मिळाली नाही. ही गोष्ट आम्हांस आजही खटकते.

पुढे मोंबासाजवळ फ्रेरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत १८७५ साली उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांचे नाव तिला दिले, व प्राईससाहेबच ती उभारण्यास गेले. घरे बांधणे, शेती, शाळा, सर्व नव्याने करावयाचे होते. त्यासाठी शरणपूरचे सुतार, लोहार व शिक्षक उपयोगी पडले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांतील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८८५ साली डीकनपदाची दीक्षा मिळाली.

याकोबही आफ्रिकेस परतून फ्रेरटाउनला काम करू लागला, पण तेथे तो फार काळ राहिला नाही. लंडनमध्ये मानाने वागविलेला हा तरुण पुढे फारसा कोणाच्या आठवणीत उरला नाही. १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे तो मरण पावला.