हिशेब एकेका देहाचा

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. त्या ग्रंथाची १९४६ मध्ये परखड चिकित्सा करणारे इतिहासकार, ही दामोदर धर्मानंद कोसंबींची आपल्याला असलेली ओळख. पण हे गृहस्थ मुळात गणिती, आणि त्यांच्या गणिताचा धागा आज थेट रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचला आहे.

कोसंबींचा जन्म १९०७ सालचा, गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे थोर पंडित. मुलाचे शिक्षण अमेरिकेत, हार्वर्डला झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना १९४३ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विषय रूक्ष वाटेल, पण मर्म सोपे आहे. मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. हजारो नोंदी चाळत बसण्यापेक्षा मोजकी मुख्य खाती नीट पाहिली, की शाखेची तब्येत कळते. सतत बदलणाऱ्या, गुंतागुंतीच्या गोष्टीतली अशी मोजकी मुख्य रूपे कशी निवडायची, याची रीत कोसंबींनी दाखवली. पुढे काही वर्षांतच फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रेंच गणिती लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली. रीतीला नाव मिळाले ते त्या दोघांचे.

कोसंबी मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेतली गणनयंत्रे अभ्यासून आले. १९६२ साली ती नोकरी सुटली.

आज एखाद्या रुग्णाच्या स्कॅनवरून त्याच्याच हृदयाची, रक्तवाहिन्यांची प्रतिकृती संगणकात उभी करता येते. रक्त कुठे अडते, झडप बदलली तर काय होईल, हे आधी तिच्यावर पाहायचे आणि मग माणसाला हात लावायचा. मात्र हा हिशेब इतका अवाढव्य, की मोठ्या संगणकालाही तासन् तास, कधी दिवस लागतात. रुग्णाला तेवढी सवड नसते. म्हणून संशोधक मुख्य रूपे तेवढी ठेवून हिशेब आटोपशीर करतात, तो याच रीतीने. बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आहे. पण सरासरी माणसाऐवजी समोरच्या माणसावर उपचार, ही त्याची दिशा आहे.

जून १९६६ मध्ये घरच्या डॉक्टरांनी कोसंबींना तपासले आणि प्रकृती एकंदरीत ठीक असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी, २९ जूनच्या पहाटे, ते गेले. वय अवघे ५८. त्या डॉक्टरांना दोष कोण देईल? एकेका देहाचा असा हिशेब मांडून पाहण्याची सोय तेव्हा कुणापाशीच नव्हती. तिच्यासाठी लागणारी एक किल्ली मात्र त्यांच्यासमोर बसलेल्या रुग्णानेच तेवीस वर्षांपूर्वी घडवून ठेवली होती.