सुरतेच्या दवाखान्यातली शेळी

भुसावळ-सुरत पॅसेंजरने कधी गेलायत? जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी उधन्याला लागते आणि तुमचा-माझा एखादा काका नाहीतर मामा तिथे न्यायला उभा असतो. त्याच सुरतेत १८९५ मध्ये एक मराठी बाई डॉक्टर म्हणून रुजू झाली. आणि बाया तिच्या दवाखान्यात यायलाच तयार नव्हत्या!

तुम्ही म्हणाल, पुरुष डॉक्टर नको म्हणूनच तर लेडी डॉक्टर आणली ना? बरोबर. परपुरुषाने तपासायचं नाही, म्हणून कितीतरी बाया घरातच बाळंत व्हायच्या आणि काही त्यातच जायच्या. पण दवाखान्याचीच धास्ती एवढी, की नुसती बाई डॉक्टर असून भागेना. मग डॉ. रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिथेच तिचं बाळंतपण केलं, असं सांगतात. शेळी सुखरूप, करडूही सुखरूप. मग बाया येऊ लागल्या.

या बाईंना कुणाचं मन वळवणं नवीन नव्हतं. जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लावलं, पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या. १८८४ मध्ये दादाजींनी केस टाकली. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कळवलं, कैद चालेल. तेव्हा वय २२. मीही २२ चीच, आणि पुढे शिकायला पुण्याला जायचंय हे मला अजून घरी धड सांगता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी मदत केली, रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊनच परतल्या.

मला एकच गोष्ट खटकते. सुरतेत बायकांचा दवाखाना, पुढे राजकोटला गेल्या तर तिथेही जनाना हॉस्पिटल. पेशंटच्या पसंतीने त्यांना दार उघडून दिलं खरं, पण एकाच वॉर्डाचं. पसंती चुकीची असं मी म्हणत नाही. तपासताना लाज वाटते, भीती वाटते, तिथे बाई डॉक्टर मागायलाच हवी. पण हाड मोडलं की आपण मोठे डॉक्टर कुठे आहेत असं विचारतो, आणि समोरच्या मॅडमला सिस्टर म्हणतो, त्याचं काय? जळगाव-धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात तुमची कुणी मैत्रीण असेल तर विचारा तिला.

रखमाबाईंचं सगळं काम पडद्यातल्या बायकांमध्ये झालं. पडदा होता म्हणून तर त्यांच्यासारखीची गरज पडली. आणि १९२९ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी पुस्तिका लिहिली ती पडद्याची चाल बंद करा म्हणून. १९५५ मध्ये गेल्या, तेव्हा नव्वदीत होत्या.