पिएर फोशार : दात राखण्याचे शास्त्र घडविणारा शल्यवैद्य

९ फेब्रुवारी हा संत अपोलोनियाचा स्मरणदिन. इसवी सन २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे छळ करणाऱ्या जमावाने तिचे दात पाडले. त्यामुळे दातदुखीने बेजार झालेले युरोपातील भाविक शतकानुशतके तिच्या मध्यस्थीची याचना करीत आले. याचनेखेरीज त्यांच्या हाती फारसे काही नव्हतेही. दाढ असह्य झाली की बाजारातला दात उपटणारा गाठायचा, एवढाच काय तो इलाज. ही स्थिती पालटण्यास ज्यांनी आरंभ केला, त्या पिएर फोशार यांचा हा अल्प परिचय.

फोशार यांचा जन्म १६७८ च्या सुमारास पश्चिम फ्रान्समध्ये झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते फ्रेंच आरमारात दाखल झाले आणि पोतल्रे नावाच्या आरमारी शल्यवैद्याच्या हाताखाली शिकू लागले. त्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळे व भाजीपाला मिळत नसे आणि स्कर्व्ही हा रोग जडे. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, धडधाकट तरुणाचे दात खिळखिळे होऊन गळून पडत. तोंडाचे आरोग्य हे साऱ्या देहाच्या आरोग्याशी जोडलेले असते, हा धडा या तरुणाने जहाजावरच गिरविला. आरमार सोडल्यावर त्यांनी आंजे शहरात व्यवसाय केला आणि १७१९ च्या सुमारास ते पॅरिसला आले.

पॅरिसमध्ये १६९९ च्या राजाज्ञेने दातांच्या जाणकारांना परीक्षेची अट घातली होती खरी. परंतु पाँ नफ या पुलावर भोंदूंचा बाजार भरतच होता. त्यांची एक युक्ती फोशार यांनी पुढे उघड केली. गर्दीत आधीच पैसे देऊन उभा केलेला माणूस पुढे येई. कोंबडीच्या रक्ताने भरलेल्या पातळ कातडीत गुंडाळलेला दात भोंदू हातचलाखीने त्याच्या तोंडात सरकवी. क्षणार्धात तो माणूस रक्त व दात थुंकी आणि वेदना मुळीच झाली नाही, अशी ग्वाही देई. मग खरे दुखणेकरी रांग लावीत आणि कित्येकदा दाताबरोबर जबड्याचा तुकडाही गमावून घरी जात.

जे प्रामाणिक होते, तेही आपली विद्या मुठीत झाकून ठेवीत. कारण तीच त्यांची रोजीरोटी होती. फोशार यांनी ती मूठ उघडली. सुमारे ६०० पानांचे हस्तलिखित त्यांनी १७२३ मध्ये पूर्ण केले, नामवंत वैद्यांकडून व शल्यवैद्यांकडून तपासून घेतले आणि १७२८ मध्ये ‘शल्यवैद्य दंततज्ज्ञ’ अशा अर्थाच्या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध केले. व्यवसायातील एकही गुपित राखून न ठेवण्यात त्यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा किती विचार केला असेल, हा प्रश्न ग्रंथ चाळताना मनात येतोच.

त्या काळी दात पोखरणारा किडा असतो, अशी सार्वत्रिक समजूत होती. फोशार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासले. त्यांना किडा आढळला नाही. साखर व गोड पदार्थ दातांचा नाश करतात, असे त्यांनी बजावले. साखरेपासून तोंडातील जीवाणू आम्ल तयार करतात, हा उलगडा विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये केला, तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. आपल्या मराठी भाषेत तर तो किडा आजही नांदतो आहे. आपण दाताला कीड लागली असेच म्हणतो, आणि रिंगणीच्या बियांचा धूर देऊन किडा पाडणारे वैदू आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत.

दात उपटण्यापेक्षा तो राखण्यावर फोशार यांचा कटाक्ष होता. दातांवर साचून दगडासारखे घट्ट होणारे कीटण हिरड्यांचा घात करते, हे ओळखून त्यांनी ते खरवडण्याची नाजूक हत्यारे वर्णिली. त्यांतले एक पोपटाच्या चोचीसारखे होते. दंतवैद्याकडे कीटण काढून घेतल्यास दात हलू लागतात, अशी भीती आपल्या धर्मग्रामांतही ऐकू येते. वस्तुस्थिती उलट आहे. कीटणामुळेच हिरडी दातापासून सुटते. ते निघाल्यावर आधीचा सैलपणा केवळ जाणवू लागतो. घट्ट झालेले कीटण घरच्या ब्रशने निघत नाही, म्हणून दुखण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. आणि मशेरीने दात बळकट होतात, असे मानणाऱ्या मायभगिनींनी तर ती आजच सोडावी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो.

रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत दाबून धरण्याची जुनी रीत फोशार यांनी मोडली आणि त्याला आरामखुर्चीत बसविले. वेडेवाकडे दात पट्टीने सरळ करणे, पोकळी शिसे, कथील वा सोन्याने भरणे, कवळी बसविणे, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. १७४६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हिरड्यांतून पू येण्याच्या विकाराचे (पायोरियाचे) असे वर्णन केले की त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्यांचे सर्वच उपाय टिकले, असे नाही. शिसे विषारी असते. घोड्याच्या केसांचा ब्रश त्यांना नापसंत होता. ओल्या स्पंजाने दात चोळावेत, असे ते सांगत. किडलेल्या दातांसाठी तर स्वतःच्या ताज्या मूत्राने चूळ भरण्याचा सल्ला त्यांनी गांभीर्याने दिला होता. तो पाळणारे किती निघाले, कोण जाणे!

वयाची ऐंशी वर्षे ओलांडून मार्च १७६१ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. मुलाने पित्याचा व्यवसाय पत्करला नाही. तो ग्राँमेनिल या नावाने रंगभूमीवरील नामांकित नट झाला. ग्रंथाचे जर्मन भाषांतर १७३३ मध्येच बर्लिनमध्ये निघाले होते. इंग्रजी वाचकांना मात्र १९४६ पर्यंत थांबावे लागले. ते भाषांतर लिलियन लिंडसे यांनी केले. १८९५ मध्ये एडिंबरा येथे पदविका मिळवून त्या ब्रिटनमधील पहिल्या अर्हताप्राप्त महिला दंतवैद्य झाल्या होत्या. स्त्री म्हणून लंडनमध्ये त्यांना प्रवेश नाकारण्यात आला होता.