ईव्हीची वीज येते कुठून? जमशेदजी टाटांनी हा प्रश्न आधीच हातात घेतला होता

शेगाव स्टेशनवरून मुंबई–हावडा मार्गाच्या गाड्या विजेवर धावतात. स्टेशनबाहेर उभ्या दुचाक्या मात्र बहुतेक पेट्रोलच्या. त्या विजेवर आल्या तर पेट्रोल वाचेल, हे कुणालाही पटतं. पण लगेच दुसरा प्रश्न येतो: वीज शेवटी कोळशाचीच ना? पारसचं औष्णिक वीज केंद्र इथून जवळच असल्याने बुलढाणेकरांना तो सुचणारच. वीज धुराशिवाय कशी मिळवायची, यावर सव्वाशे वर्षांपूर्वी एका गिरणीमालकाने काम सुरू केलं होतं.

कापसामागे नागपूरला

जमशेदजी टाटांचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. १८६८ मध्ये २१ हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढे कापडगिरणी काढायची ठरली, तेव्हा सगळे मुंबईकडे बघत होते. जमशेदजींनी नागपूर निवडलं. कारण साधं होतं: वऱ्हाड-नागपूरचा कापूस जवळ, कोळसा जवळ आणि रेल्वेही हाताशी. खामगावची कापसाची बाजारपेठ त्या काळी नावाजलेली होतीच. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि शहरावर धूर सोडायचा. सह्याद्रीवर मात्र दर पावसाळ्यात प्रचंड पाणी कोसळून वाहून जात होतं. ते लोणावळ्याजवळ अडवायचं, सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचं, त्या दाबावर टर्बाइन फिरवायचं आणि वीज तारांनी मुंबईला न्यायची, अशी ती कल्पना. मुंबईत मोटार घेणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्येही जमशेदजींचं नाव घेतलं जातं. म्हणजे पेट्रोलचं नवं यंत्र आणि पाण्याची वीज, दोन्हीकडे त्यांचं लक्ष होतं.

१९ मे १९०४ ला जर्मनीत त्यांचं निधन झालं. योजना तेव्हा कागदावरच होती. मुलगा दोराबजी आणि सहकाऱ्यांनी १९१० मध्ये कंपनी उभी केली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची रेल्वे धावली.

आता हिशोब करू

बुलढाणा–खामगाव जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर धरा. पेट्रोल स्कूटरला सुमारे २ लिटर लागतं. एका लिटरमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे १८ युनिट. त्यातला मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेत वाया जातो. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला साधारण ३ युनिट पुरतात. ही वीज पूर्ण कोळशाची आहे असं मानलं, तरी केंद्रात ९-१० युनिटांची उष्णता खर्च होते. कार्बन डायऑक्साइड पेट्रोलमधून सुमारे साडेचार किलो निघतो, तर कोळशाच्या विजेतून तीन किलोच्या आसपास. म्हणजे फायदा आहे, पण अर्धवट. वीज सूर्याची किंवा पाण्याची असेल, तर तो पूर्णत्वाच्या जवळ जातो.

धूर गेला, जमीनही गेली

पण गोष्ट इथे संपत नाही. टाटांच्या पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची जमीन बुडणार होती. १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. धरण तरीही झालं. मुंबईला वीज मिळाली, किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनी मोजली. हे जमशेदजींच्या हयातीनंतर घडलं, तरी त्यांच्या कल्पनेचा हिशोब त्याशिवाय पुरा होत नाही.

म्हणून ईव्ही घेताना दोन प्रश्न विचारा: वीज कशातून आली, आणि त्यासाठी कुणाचं काय गेलं? घराच्या छपरावर सोलर पॅनेल असेल, तर दुपारी उन्हात स्कूटर चार्जिंगला लावा. तेव्हा धूरही निघत नाही आणि कुणाचं शेतही बुडत नाही. बुलढाण्यात पाणी कमी असेल, पण उन्हाला काय तोटा?