गेओर्ग झिमोन ओहम

गेओर्ग झिमोन ओहम (१६ मार्च १७८९ – ६ जुलै १८५४) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व गणितज्ञ होते. विद्युतवाहकाच्या टोकांमधील विभवांतर, त्यातून वाहणारी विद्युतधारा आणि वाहकाचा रोध यांचा परस्परसंबंध त्यांनी प्रयोगाने व गणिताने प्रस्थापित केला. हा संबंध ‘ओहमचा नियम’ या नावाने ओळखला जातो. रोधाच्या एककालाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

बालपण व शिक्षण

ओहम यांचा जन्म एर्लांगेन येथे झाला. त्यांचे वडील योहान वोल्फगांग कुलुपे तयार करण्याचा व्यवसाय करीत. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या कारागिराने स्वतःच्या बळावर उच्च गणित आत्मसात केले आणि गेओर्ग व त्यांचे धाकटे बंधू मार्टिन या दोघांना ते घरीच शिकवले. मार्टिनही पुढे नामवंत गणितज्ञ झाले. गेओर्ग दहा वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली.

१८०५ मध्ये ओहम यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील स्केटिंग यांतच त्यांचा वेळ अधिक जाऊ लागला. संतापलेल्या वडिलांनी तीन सत्रांनंतर त्यांना विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठवले. तेथे गणित शिकवीत असतानाच त्यांनी स्वाध्यायाने अभ्यास पूर्ण केला आणि १८११ मध्ये एर्लांगेन येथेच डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरची काही वर्षे अल्प वेतनाच्या अध्यापनात गेली. १८१७ मध्ये कोलोन येथील जेझुइट शाळेत त्यांची नेमणूक झाली. या शाळेतील प्रयोगशाळा सुसज्ज होती. आवश्यक ती उपकरणे ओहम स्वतःही घडवीत. वडिलांच्या कार्यशाळेतील संस्कार येथे उपयोगी पडले.

रोधाविषयीचे प्रयोग

त्या काळी धारा मोजण्याची साधने प्राथमिक अवस्थेत होती आणि रोध ही स्पष्ट संकल्पना म्हणून रूढ झालेली नव्हती. १८२५ मध्ये ओहम यांनी तारेची लांबी वाढवली असता धारेचा परिणाम किती घटतो हे तपासले व त्यासाठी लॉगरिथमचे एक सूत्र मांडले. हे सूत्र सदोष होते. त्यांच्या व्होल्टीय घटाचा दाब परिपथ जोडताच उतरू लागे, त्यामुळे तारेचा परिणाम कोणता आणि घटाचा कोणता हे वेगळे करणे कठीण होते.

पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी घटाऐवजी तांबे व बिस्मथ यांचे तपयुग्म वापरले. झेबेक यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की, दोन धातूंच्या सांध्यांचे तापमान भिन्न असल्यास परिपथात धारा वाहते. ओहम यांनी एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने स्थिर राहत असल्याने विद्युतदाबही स्थिर राहिला. वाहकावर टांगलेली चुंबकसूची धारेमुळे विचलित होई. तिला मूळ जागी आणण्यासाठी टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, यावरून धारा मोजली जाई. वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून घेतलेल्या या मापनांतून १८२६ मध्ये जुन्या सूत्राच्या जागी नवे सूत्र आले: धारा ही दाबाच्या सम प्रमाणात आणि परिपथाच्या एकूण रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. एकूण रोधात तारेच्या जोडीने स्रोताचा अंतर्गत रोधही त्यांनी धरला होता.

आजच्या एककांत, २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर धारा घेणाऱ्या तापकाचा रोध २३० ÷ ५ म्हणजे ४६ ओहम, आणि शक्ती २३० × ५ म्हणजे १,१५० वॉट होते. रोध तेवढाच राहून दाब निम्मा झाल्यास धाराही निम्मी, २.५ अँपिअर होते. शक्ती मात्र चौथाईवर, २८७.५ वॉटवर येते. शक्तीचा हा हिशेब ओहम यांच्या नियमात येत नाही. धारेचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. तापमानानुसार रोध बदलत असल्याने ओहमचा नियम तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असतानाच लागू पडतो. अर्धवाहक डायोडसारख्या घटकांना तो लागू होत नाही.

उपेक्षा व मान्यता

अर्ध्या वेतनावर रजा घेऊन ओहम बर्लिनला गेले आणि १८२७ मध्ये त्यांनी गॅल्व्हानिक परिपथाचे गणिती विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. फूरिए यांच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताचा त्यावर ठळक प्रभाव आहे. या ग्रंथामुळे विद्यापीठात पद मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. निसर्गाचा उलगडा गणितापेक्षा तत्त्वचिंतनातून व्हावा, असे मानणाऱ्या तत्कालीन जर्मन विद्वानांना ही पद्धती रुचली नाही. पोल यांनी तर त्यावर कठोर टीका केली. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली आणि १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत पद मिळाले.

मानाचा पहिला मोठा सन्मान परदेशातून आला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोपली पदक दिले आणि पुढील वर्षी परदेशी सदस्य करून घेतले. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे.

हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध अठराव्या शतकातच आढळला होता. परंतु त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे संपादित करून १८७९ मध्ये प्रकाशित केली, तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. नियमाला ओहम यांचे नाव तोवर कायमचे चिकटले होते.

एकक

पॅरिस येथे १८८१ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट व अँपिअर यांच्यासह ‘ओहम’ हे एकक स्वीकारले. ग्रीक ओमेगा हे त्याचे चिन्ह आहे. रोधाच्या व्यस्त राशीचे, म्हणजे वाहकतेचे एकक बरीच वर्षे ‘म्हो’ या नावाने प्रचलित होते. ओहम यांच्या नावातील रोमन अक्षरे उलट क्रमाने लिहून ते बनवले होते. १९७१ मध्ये त्याच्या जागी ‘सीमेन्स’ हे नाव अधिकृत झाले.